माळावरचे सात झेंडे

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हौशीराम तर माठातलं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. दारात नवा माणूस आला की आधी त्याच्या हातात कागद आहे का ते बघायचा, आणि कागद दिसला की स्वतःच उंबऱ्यात उभा राहून "घरात कुणी न्हाई" असं खुशाल सांगायचा. गाव त्याला हसायचं. हसणाऱ्यांचं काय जातं म्हणा, ज्याचं गेलं त्याला विचारा.

एप्रिल महिना होता. हरभरा निघून तीन आठवडे झाले होते आणि इंदुरीच्या अलीकडं असलेला त्याचा दीड एकराचा माळ मोकळा पडला होता. शनिवारी सकाळी तो शेळी बांधायला गेला, तर बांधापासून थोडं आत काहीतरी लाल हलताना दिसलं. जवळ जाऊन बघतो तर हातभर बांबूची कामटी, तिला चकचकीत लाल पट्टी आणि पट्टीवर काळ्या शाईनं आकडा, पाच. त्यानं मान वर केली. तिकडं बोरीपाशी एक, जुन्या वारुळापाशी आणखी एक. सगळे मोजले तर सात भरले. हौशीराम पुन्हा मोजायला लागला आणि शेळी दावं सोडवून कधी शेजारच्या रानात गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

झेंड्यांचा अर्थ मावळात शेंबड्या पोरालाही सांगावा लागत नाही. आधी झेंडे येतात, मग चुन्याच्या रेघा, मग टेप धरलेली माणसं. कागद सगळ्यांत शेवटी येतो आणि तोवर जमीन गेलेली असते. कुणाची रस्त्यात, कुणाची धरणात, ज्याच्या नशिबी जे असेल त्यात. वीस वर्षांपूर्वी हौशीरामाचा नदीकडचा चार एकरांचा तुकडा कारखान्यांच्या वसाहतीत गेला तो असाच. तेव्हा एक गोड बोलणारा पोरगा आला होता. "नुसतं बघतोय, भाऊ," म्हणाला. हौशीरामानं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि वर कहर म्हणजे पुढं होऊन आपल्या हातानं बांधाचे दगड दाखवले. पुढं सुनावणीत साहेब म्हणाले, जमीन पडच होती, तुमचं असं काय नुकसान झालं? बापाच्या दुखण्यात एक वर्ष पेरा चुकला होता, एवढंच. पण कागदावर पड म्हणजे पड. आपणच आपली जमीन दाखवली, हे शल्य त्याला अजून टोचायचं. आता उरला होता तो हा माळ. हाही गेला असता तर हौशीराम शेतकरी उरला नसता, नुसता म्हातारा उरला असता.

"झेंडे व्हय? शाळंची पोरं हुती काल संध्याकाळी," शेजारच्या रानातून नथू ओरडला. "ती स्कुटीवाली बाई हाय ना, तिच्यासंगं."

हौशीराम तडक शाळेच्या वाटेला लागला.

ही स्कुटीवाली बाई म्हणजे ज्योत्स्ना. वय असेल पंचविशीचं. तळेगावातल्या कुठल्याशा संस्थेतर्फे ती आठवड्यातून दोन-तीनदा यायची आणि पहिली-दुसरीच्या पोरांना रानातली पाखरं, किडेमुंग्या, जनावरांचे माग असलं काय काय शिकवायची. शेतकऱ्याच्या पोरांना रान शिकवायला देहूरोडहून बाई येते, यातच काहीतरी काळंबेरं आहे, असं हौशीरामाचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. फुकट तर कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

पटांगणात वेगळाच तमाशा चालला होता. एक पोरगी चार ठिपक्याठिपक्यांच्या खड्यांवर उकिडवी बसली होती. दोन पोरं कुत्री होऊन रांगत, भुंकत तिच्याकडं येत होती. ती जवळ आली तशी पोरगी उठली, एक हात लुळा सोडून लंगडत, किंचाळत भलतीकडंच पळाली, आणि कुत्री खडे सोडून तिच्या मागं लागली. बाकीच्या पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती लंगडणारी पोरगी माधवी होती, हौशीरामाची सहा वर्षांची नात. घरी चार वेळा हाक मारल्याशिवाय न उठणारी ही पोर इथं कशी घामाघूम होऊन नाचत होती ते बघून त्याला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच की बाईनं पोरगी पुरती हातात घेतली.

"बाई, माझ्या माळावर झेंडे कुणी लावलं?"

"मुलांनीच लावले, आबा," ज्योत्स्ना म्हणाली. "जिथं कुणाचं घर दिसेल तिथं एक झेंडा, असा खेळ आहे आमचा."

"कुणाचं घर? तितं कुणाचं घर न्हाई. माझं रान हाय त्ये."

ती हसली. "नुसतं बघतो आम्ही. कशाला हात लावत नाही."

हौशीरामाच्या कानात वीस वर्षांपूर्वीचा पोरगा बोलला. त्यानं बाईला नीट निरखलं. गळ्यात दुर्बीण, हातात वही, वहीत कागदांचा गठ्ठा.

"नाव काय म्हनलं तुमचं?"

"ज्योत्स्ना."

"फुडं?"

"ज्योत्स्ना सीताराम."

"आन् आडनाव?"

हा प्रश्न तिला नवा नसावा. तिचं हसू जरा आवरलं. "एवढ्यावर भागेल की, आबा."

आडनावावरून हौशीरामाला तिची जात काढायची होती की तिचं खातं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. बहुधा दोन्ही. "वडील काय करत्यात?" त्यानं विचारलं.

"देहूरोडला लष्कराच्या डेपोत आहेत. आणि आबा, घरी विचारूनच गेलो होतो आम्ही माळावर. सविताताई हो म्हणाल्या."

डेपो म्हणजे सरकार, सरकार म्हणजे मोजणी. आणि सविता म्हणजे त्याची सून. हौशीराम तसाच घराकडं फिरला.

सविता भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची नजरही हलवली नाही. "व्हय, इचारलं हुतं मला. पोरं खेळत्यात मामा, खेळू द्या की."

"तुला कुणी सांगितलं हुतं व्हय म्हनायला? रान कुणाच्या नावावर हाय?"

सासऱ्याचा हा सूर लागला की बोलण्यात अर्थ नसतो हे सविताला आठ वर्षांत कळलं होतं. तिनं भाकरी उलटली आणि गप्प बसली. ह्या गप्प बसण्यातही हौशीरामाला काहीतरी दिसलं. संशयाचं असंच असतं, त्याला खायला काहीही चालतं.

दुपारी माधवी दप्तर टाकून हातपाय धुवायला गेली, तेव्हा त्यानं तिची वही काढली. मधल्या पानावर रंगीत खडूनं एक चित्र होतं. ही विहीर, ही बोर, हा बांध, हा कोपऱ्यातला दगड. त्यात सात लाल ठिपके आणि प्रत्येकाला आकडा. पाच नंबरच्या ठिपक्यापासून दगडापर्यंत तुटक रेघ काढलेली आणि रेघेवर लिहिलेलं, बावीस. त्याच्या रानाचा नकाशा निघाला होता, तोही त्याच्या घरात, त्याच्याच नातीच्या हातून.

"माधे, हे काय हाय?"

माधवी ओल्या हातांनी धावत आली आणि तिनं वही छातीशी धरली. "चारचं सांगते. ते घोरपडीचं बीळ हाय. दोनला सश्याच्या लेंड्या हायत."

"आन् पाचला?"

"पाचचं न्हाई सांगायचं."

"कुणी सांगितलं न्हाई सांगायचं म्हनून?"

"बाईंनी. सांगितलं की लोकं येत्यात आन् घिऊन जात्यात." मग आबाचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. ती जवळ येऊन त्याच्या मांडीला टेकली. "तुमाला पन न्हाई सांगायचं आबा. मी राखणदार हाय पाचची."

लोकं येतात आणि घेऊन जातात. एवढं एकच वाक्य हौशीरामाच्या डोक्यात घण घालत राहिलं. त्यानं कैलासला फोन लावला. कैलास त्याचा मुलगा, लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवायचा आणि शनिवार-रविवारी तिकडंच मुक्काम करायचा.

"आबा, पोरांचा खेळ हाय त्यो," कैलास म्हणाला. मागं हॉर्न वाजत होते. "आन् समजा बघितलंच कुणी रान, तर बघू दे की. हितं रोज चार माणसं इचारत्यात मला, गावाकडं जागा हाय का म्हनून."

हौशीरामानं फोन ठेवला. आता चित्र पुरं झालं होतं. बाई मोजणीची, सून सामील, पोरगा गिऱ्हाईक बघतोय आणि नात नकाशे काढतेय. एवढ्या मोठ्या कटात एकट्या शेळीवरच काय तो विश्वास ठेवायचा उरला होता. रात्री तो जेवला नाही. रान पड दिसलं की त्यावर लोकांचा डोळा जातो, हे तो एकदा शिकला होता. नांगरलेल्या रानाला पड म्हणायची कुणाची छाती नाही. ते ठरवूनच त्यानं अंथरुणाला पाठ टेकली.

रविवारी दिवस उगवायला तो माळावर हजर. एकेक झेंडा उपटला, गुडघ्यावर मोडला आणि बोरीच्या जाळीत भिरकावला. पाच नंबरपाशी मात्र थांबला. ज्याचं सांगायचं नाही असं काय आहे तिथं? वाकून बघितलं. ढेकळं, खडे, हरभऱ्याची वाळकी बुडखं. खुंटी नाही, खूण नाही. डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत कलकलत होती. हौशीरामानं तिला एक ढेकूळ हाणलं आणि पाच नंबरही मोडून टाकला.

आठ वाजता गोरख ट्रॅक्टर घेऊन आला. "एवढी काय घाई भाऊ? दोन उन्हं खाऊ द्यायची हुती रानाला."

"तू नांगर घाल. उन्हं नांगरल्यावर खातंय."

दोन फेरे झाले आणि टिटवीनं आकाश डोक्यावर घेतलं. एकाच्या दोन झाल्या. एक ट्रॅक्टरच्या बोनेटवर झेपावत होती, दुसरी गोरखच्या टोपीला घासून जात होती. मग त्यातली एक धपकन खाली पडली. पंख मोडल्यागत एका बाजूला सोडून ती लंगडत, ओरडत बोरीकडं पळाली, थांबली, मागं वळून बघून पुन्हा लंगडली. गोरखनं ट्रॅक्टर थांबवला.

"भाऊ, अंडी असत्याल हितं कुटंतरी. बघू का उतरून?"

हौशीराम त्या पाखराकडं बघत उभा राहिला. काल पटांगणात माधवी अशीच पळत होती, हे त्याला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. पण एकदा माणसाच्या मनात मोजणी शिरली की डोळ्यांपुढचंही त्याला दिसत नाही. त्याला वाटलं, थांबलो तर हेच निमित्त होईल. आज अंड्यांसाठी थांबा, उद्या कशासाठी तरी थांबा, आणि रान तसंच पड.

"टिटवी काय, बारा म्हयनं वरडती. चल फुडं," तो म्हणाला.

गोरखनं खांदे उडवले आणि गिअर टाकला. दुपारपर्यंत माळ उलथापालथा होऊन मोकळा झाला. हौशीराम घरी येऊन पोटभर जेवला आणि चार वाजता पुन्हा जाऊन बांधावर बसला. रान कसं राबत्या माणसाचं दिसत होतं. त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळानं माधवी आली. कालही चार वाजता ती राखणीला येऊन गेली होती, हे त्याला आज कळलं. ती बांधावरच थबकली. मग कोपऱ्यातल्या दगडाला टाच लावून मोजायला लागली. ढेकळांत पाय मुरगळत होता, तरी मोजत होती. बावीस झाले. खाली बघितलं, इकडंतिकडं बघितलं, परत दगडापाशी आली. पुन्हा टाच लावली, पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ती आबाकडं आली.

"आबा, माझी पावलं चुकत्यात."

"कसली पावलं?"

"दगडापासनं बावीस. तितं टिटवीची चार अंडी हायत. खड्यासारखी दिसत्यात म्हनून झेंडा लावलेला. झेंडा पन दिसत न्हाई." तिनं त्याचं बोट धरलं. "आता तुमाला सांगितलं तर चालंल. तुमी हुडकायला या."

लोकं येतात आणि घेऊन जातात, ते अंडी. राखण होती ती अंड्यांची. तो उठला, काय करणार? नात बोट ओढत होती. दोघं नांगराच्या तासांतून वाकून हिंडले. ती प्रत्येक खडा उचलून बघत होती आणि परत जागच्या जागी ठेवत होती. दोन्ही टिटव्या लांब बोरीखाली उभ्या होत्या. आता त्या ओरडत नव्हत्या.

टरफल त्यालाच आधी दिसलं. मातकट, वर काळे ठिपके, आत ओलसर. आणि ह्या चौसष्ट वर्षांच्या माणसानं काय करावं? त्यावर पाय ठेवला.

"आबा, पाय उचला."

"काय न्हाई तितं."

"उचला की."

त्यानं पाय उचलला. माधवीनं टरफलाकडं बघितलं, मग ट्रॅक्टरच्या चाकाच्या नक्षीकडं, मग त्याच्याकडं. ट्रॅक्टर आपला आपण रानात येत नाही, एवढं सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं.

"कुणी नांगराय लावलं?"

खोटं बोलायला जीभ तयार होती. पण जीभ उचलली नाही. "मीच," हौशीराम म्हणाला. "झेंडे पन मीच काढलं."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला उचलून घेता आलं असतं. तिनं धरलेलं बोट सोडलं आणि एकटीच घराकडं चालायला लागली.

बुधवारी तो शाळेत गेला. बाई आता बोल लावणार, पोरांपुढं आपली इज्जत काढणार, अशी तयारी मनात करून गेला. ज्योत्स्नानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, रान तुमचं. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. आणि 'कुणाला सांगू नका' हेही लहान मुलांना असं सांगायला नको होतं मी. चुकलंच माझं."

हौशीरामाला हे फार लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. "परत घालंल का ती अंडी?" त्यानं चाचरत विचारलं.

"घालते बहुतेक. पहिली गेली तर पुन्हा घालते, जवळपासच."

"कुटं?"

"ते तिचं ती ठरवते. आपल्यापैकी कुणाला आधी कळलंच, तर माधवीला कळेल."

मे सरला. मिरग लागला, पाऊस दोनदा येऊन गेला आणि जमिनीला वापसा आला. नथूनं सोयाबीन पेरलं. गोरख पेरणीयंत्र जोडून बांधावर येऊन उभा राहिला. आणि गेले काही दिवस चार वाजता माधवी पुन्हा घरातून नाहीशी होत होती, पायाला माळाची माती घेऊन परत येत होती, हे हौशीरामानं टिपलं होतं.

"माधे," तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "कुटं हाय तेवढं सांग. तेवढी जागा सोडतो आन् बाकीचं पेरतो. तुझी आन."

"काय कुटं हाय?" माधवी म्हणाली. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा होता.

"टिटवी गं."

"मला न्हाई म्हाईत."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. एकटाच माळावर गेला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून हिंडला. जन्म ह्या मातीत गेला, पण त्याला खड्यांशिवाय काही दिसलं नाही. डोक्यावर टिटवी ओरडत होती, म्हणजे होती इथंच कुठंतरी. कंबर धरून तो बांधावर आला.

"यंत्र घिऊन जा," तो गोरखला म्हणाला.

"आन् पेरा?"

"न्हाई पेरायचं. पिल्लं... मी सांगंन तवा ये."

गोरख त्याच्याकडं बघतच राहिला. आठ दिवसांत नथूचं सोयाबीन दुपानी झालं आणि हौशीरामाचा माळ गवतानं भरला. गावात कुजबूज सुरू झाली. पाराकडच्या पोरांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्यानं माळ विकला. लोणावळ्याहून कैलासचा फोन आला, "आबा, सौदा केला म्हनं तुमी? मला तरी सांगायचं." सविता नुसती त्याच्या तोंडाकडं बघायची. कुणालाही खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी निम्म्या गावची पोरं गलोली घेऊन माळावर आली असती. म्हणून हौशीरामानं लोकांना काय बोलायचं ते बोलू दिलं.

रोज दुपारी तो बांधावर जाऊन बसायचा. रस्त्यानं जाणारे त्याच्या पड रानाकडं बघायचे आणि त्याच्याकडं बघून आपसांत बोलायचे. चारच्या सुमाराला माधवी यायची. बांधावर आजोबा दिसला की थोडं अलीकडंच थांबायची, करवंदाच्या जाळीशी खेळल्यासारखं करायची, आणि हळूच बघायची की आबाचं तोंड कुठल्या बाजूला आहे.

त्या दिवशीही ती तशी थांबली. मग तो उठला, दगडावर वळून रस्त्याकडं तोंड करून बसला, आणि तिची पावलं गवतातून जाऊन परत येईपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही.